लाखबंद पाकीट

घोटावडे,
६ नोव्हेंबर १९६२

प्रिय कमळ,

दिवाळीला तू आली नाहीस, पत्र मात्र आलं. अक्षर तुझं आहे. पण ‘कौटुंबिक सलोख्यास्तव’ हा शब्द माझ्या लेकीचा नव्हे, तुझ्या सासऱ्याचा. लाकडाचं नाही, पण शब्दांचं कोरीवकाम त्या माणसाला छान जमतं.

हैबतराव म्हणजे भुकूमचे मोठे कारखानदार! हाताखाली आठ माणसं, स्वतःच्या धोतराला भुसा लागू द्यायचा नाही. जातीचे सुतार, पण पटाशी धरली तर आधी बोट कापून घेतील. तुझ्या लग्नात माझ्या पडवीत त्यांनी भातातलं तण काढायचं ढकलकोळपं पाहिलं आणि हसले. “व्याही, पोरांचं खेळणं हाय काय ह्ये?” जाताना मात्र “बघाया नेतो” म्हणून तेच खेळणं उचललं. वर्षभरात पुण्याच्या शेती प्रदर्शनात फेटा बांधून त्याच्याशेजारी उभे! पेपरात फोटो, खाली ‘संशोधक’. आणि आता कोर्टात दावा, की वाल्मीक सुतार माझी नक्कल करतो, त्याला मनाई करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

कोळपं मी कशासाठी केलं, तुला ठाऊक आहे. चिखलात वाकून तुझ्या आईची पाठ अशी धरली होती, की उभं राहायला भिंत लागायची. जपानी पद्धतीने ओळीत लावणी सुरू झाली, तेव्हा सुचलं, ओळीतून दातेरी लाट, म्हणजे लाकडी रूळ, फिरवली तर वाकायलाच नको. पहिलं कोळपं रुतलं. दुसऱ्याने रोपंच उपटली. तिसरं चाललं, त्या दिवशी तुझी आई उभ्याने बांधापर्यंत गेली आणि तिथंच रडली.

नथू गुरुजी म्हणाले, “वाल्मीक, कागदावर आण. लोक लई वंगाळ हायेत.” मापांसह चित्र काढलं, तारीख घातली, गुरुजींची साक्षीची सही घेतली. लाखेने पाकीट बंद करून पौडच्या पोस्टातून माझ्याच नावाने रजिस्टर केलं. पोस्टमास्तर हसला, स्वतःलाच पत्र धाडतोय म्हणून. शिक्का १७ जुलै १९५८ चा आहे, आणि पाकीट आजवर फोडलेलं नाही. हैबतराव मात्र म्हणतात, कोळपं त्यांना साठ साली सुचलं. माझ्या वकिलाने पाकिटाचं नाव काढल्यापासून संशोधकांची झोप उडालीय.

म्हणूनच तुझ्या हातून लिहवून घेतलं, की पाकीट चुलीत घाला, नाहीतर मला माहेरी धाडतील. सुनेच्या पदराआड लपणाऱ्या या माणसाला मी व्याही म्हणून मिठी मारली होती, याची किळस येते. पाकीट जळणार नाही. येत्या मंगळवारी, १३ तारखेला, ते जजसाहेबांसमोर फुटेल. पण त्यांनी धाडायची वाट तू कशाला बघायचीस? हेच विचारायला हे पत्र टपालात न टाकता गोजराआत्याकडे दिलंय. ती तुझ्याच हातात देईल. मंगळवारी सकाळच्या एसटीने मी आणि तुझी आई पुण्याला निघू. गाडी भुकूमला थांबते. राहायचं असेल तर राहा, संसार तुझा आहे, माझा राग नाही. यायचं असेल तर पिशवी घेऊन रस्त्यावर उभी राहा. तिकिटं मी घोटावड्यातूनच तीन काढणार आहे.

तुझाच,
आबा