काही कमी नाही

आई,

मी उल्हासनगरला, ट्रस्टच्या ऑफिसात चाललेय. तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

रात्री तुझ्यावर ओरडले, ते चुकलंच. पण ट्रस्टच्या बाई काल घर बघायला आल्या होत्या ते माझ्या कॉलेजच्या फीसाठी, मदत द्यायची की नाही ते ठरवायला. आणि तू नूतनकाकूंकडून काचेचे कप आणलेस, काजू काढलेस, ठेवणीतली साडी नेसलीस. कंपनी बंद पडल्यापासून पप्पा घरीच आहेत, कालही आतल्या खोलीत होते, तरी तू सांगितलंस, ड्युटीवर गेलेत. बाईंनी अडचण विचारली तर म्हणालीस, "देवाच्या कृपेने काही कमी नाही." मग त्या काय लिहिणार?

घरी कोणीही आलं की तू हेच म्हणतेस. मला माहीत होतं, आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

कप काकूंना परत दिलेत. रात्री जेवली नाहीस, आता तरी खाऊन घे.

माझ्या मागोमाग येऊ नकोस. तिथे आपल्याकडे काय काय नाही ते सांगावं लागेल. तुझ्यासमोर मला ते जमणार नाही.

ऋतिका