सईची धुरी

१० जून २००८

माझ्या तीन गोवऱ्या विमानतळावर फेकून दिल्या! जुन्या लुगड्यात बांधून, वर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून आणल्या होत्या. हातमोजे घातलेल्या त्या पोरीनं गोवरी दोन बोटांत धरली, वास घेतला आणि मेलेला उंदीर टाकावा तशी पिंपात टाकली. कोरेगावात असती तर तिला गोठ्यातच उभी केली असती.

बरं. नमस्कार. पोचले. गाव फॉल्सम, कॅलिफोर्निया. ही वही सुलेखानं, म्हणजे सुनेनं दिली. बाळाचं दूध किती वाजता, शी किती वेळा, हे मांडायचं म्हणे. या देशात शीचीही नोंद लागते. ते पुढच्या पानांवर. मागची पानं माझी. चौथी शिकले आहे, तेवढं पुरतं.

घर झकास आहे. लेकानं, श्रीरंगनं, मागे लिंबू लावलंय. नात पाच दिवसांची, नाव सई. नाक आमचं, आवाज सुनेचा. बाळंतपणाला मला बोलावलं हे बरं केलं. ही दोघं पुस्तक उघडून पोर आंघोळीला घेतात.

सुलेखाला आल्या आल्या बजावलं की बाळंतिणीनं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत हाक मारतं. एकदाच मारून गप्प होतं ते माणूस नसतं. हसली. म्हणाली, आई, मग फोनही दुसऱ्या रिंगलाच उचलायचा का? म्हटलं उचल, तेवढंच तुझ्या आईचं बोलणं कमी होईल.

१४ जून

आंघोळीनंतर पोरीला धुरी दिली. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा घरून आणलेलं होतंच. गोवरी नाही, मग श्रीरंगच्या अंगणातल्या मांस भाजायच्या चुलीतले कोळसे घेतले, गॅसवर फुलवले, कुंडीखालच्या मातीच्या बशीत ठेवले. माझ्या खोलीचं दार लावलं. धूर जरा कुठे धरतोय तोच छताला चिकटवलेलं पांढरं डबडं असं किंचाळलं की सई टरकली आणि मीही.

श्रीरंग धावत आला. आई, डॉक्टरनं सांगितलंय, बाळाजवळ धूर अजिबात नको, आणि कोळसा घरात तर नकोच नको. म्हटलं बरं बाबा. तुला काय धुरीशिवाय वाढवला?

तो ऑफिसला गेला. मी स्टुलावर चढले आणि डबड्याच्या पोटातली चौकोनी बॅटरी काढली. वावडिंगाच्या डबीत टाकली. दुपारी जेवून सुलेखा झोपते, तेव्हा सई माझ्याकडेच असते. दार लावलं की झालं. वास आला तर म्हणते, शेकायच्या ओव्याचा.

२४ जून

डोंगरात कोरड्या विजा पडल्या. पाऊस थेंबभर नाही, नुसत्या विजा. शेकडो ठिकाणी रान पेटलंय, टीव्हीवर तेच. आपल्यापासून लांब आहे, पण सगळा धूर या खोऱ्यात उतरलाय. भरदुपारी सूर्य लाल भोपळ्याच्या फोडीसारखा, त्याच्याकडे डोळे भरून बघता येतं. गाडीवर राख. समोरचं घर दिसत नाही.

खिडक्या बंद ठेवा म्हणतात. श्रीरंगनं दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले.

सई खोकते. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. कफ सुटावा म्हणून आज धुरीत ओवा जास्त घातला. माझंही डोकं दुखतंय.

२६ जून

डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. तिनं छाती ऐकली, बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला, मग विचारलं, घरात कुणी काही ओढतं का, जाळतं का. श्रीरंगनं मला मराठीत सांगितलं आणि स्वतःच हसून तिला उत्तर दिलं की आमच्या घरात उदबत्तीही लावत नाहीत.

ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या चपलेकडे.

वणव्याचा धूर, असं कागदावर लिहिलं तिनं. गाडीत सुलेखा रडली. म्हणाली, आई, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. अख्ख्या आळीला सुनावणारी बाई मी. तिला नुसता रुमाल पुढे केला.

२७ जून

आज पुन्हा दिली. लिहितानाही लाज वाटते. वाटलं, एकदाच, छाती मोकळी होईल. खिडक्या बंद, दार बंद. मला पेंग आली. जागी झाले ती खोकल्यानं. सईचे ओठ निळसर. उचलली, बाहेर पळाले, पाठ चोळली. रडली तेव्हा जीव भांड्यात पडला. सुलेखाला म्हटलं, ठसका लागला.

कोळसे मोरीत विझवले. संपलं. पुन्हा नाही.

पण मला जागं करणारा खोकला सईचा नव्हता. सई तर गप्प पडली होती.

३० जून

तीन दिवसांत काडी ओढली नाही. तरी दुपारी दोनला खोलीत धुरीचा वास येतो. सुलेखा म्हणते, बाहेरचा धूर आहे हो आई, सगळ्यांकडेच येतोय.

बाहेरचा पाइनचा असतो. हा गोवरीचा आहे. गोवरी या घरात नाही. या देशात नाही.

३ जुलै

पाळण्यात सई झोपलेली. कपाटाजवळच्या कोपऱ्यात खोकला. मी उभी राहिले. थांबला. बसले. पुन्हा.

ओळखते मी तो.

लिहून टाकते. श्रीरंगच्या आधी मला मुलगी झाली होती. रत्ना. वीस दिवसांची. बाळंतिणीची खोली, दार बंद, शेगडीत गोवऱ्या. मला जड झोप आली होती. ती खोकत होती, मी ऐकलं. ऐकलं आणि उठले नाही. हूं सुद्धा केलं नाही. मग खोकला थांबला आणि मला बरं वाटलं.

आकडी येऊन गेली, असं सांगितलं सगळ्यांना. कुणी विचारलंच नाही पुढे. श्रीरंगला ठाऊक नाही.

५ जुलै

सांगायला गेले. श्रीरंग भांडी लावत होता. म्हटलं, ऐक. म्हणाला, बोल ना आई. म्हटलं, भाजीत मीठ कमी होतं.

७ जुलै

आता खोकल्यामागे आवाज आहे. शब्द शिकतंय काहीतरी. आ — आ —

सुलेखा म्हणाली, आई, मला हाक मारलीत का मघाशी? नाही म्हटलं. ओ दिलीस का विचारलं. हसली, म्हणाली, देणारच होते, तुमचा नियम आठवला.

सांगायलाच हवं. मेली लाज आता कसली.

९ जुलै

धूर परत दाटला. दुपारचे दोन, दिवे लावलेत. धूर खरा की माझ्या नाकातला, बघायला बॅटरी छताच्या डबड्यात परत बसवली. घरात निखारा नाही, काडी नाही — किंचाळायला लागलं. थांबत नाही —

सुलेखा विचारते, आई, बॅटरी तुमच्याकडे कशी? सांगितलं. सगळं नाही, कोळशाचं सांगितलं. तिनं सईला माझ्याकडून काढून घेतलं. बरोबर केलं. श्रीरंगला फोन केलाय. दोघी पुढच्या खोलीत.

मी आतून कडी घातली. ते इथं माझ्यासाठी आहे, तिकडे जाऊ नये.

डबडं आपोआप गप्प झालं. गोवरीचा वास —

श्रीरंग, डॉक्टरला खरं सांग. वणवा नाही, मी. आणि तुला बहीण होती.

सुलेखा, हाक येईल. आई म्हणूनच येईल. तुला वाटेल तुझ्या लेकीची. तुझी अजून बोलत नाही. तू ओ द्यायची नाही. श्रीरंग, तू दाराशी आलास तर दोनदा हाक मार, म्हणजे कळेल. एकदाच आली तर ती माझी, चाळीस वर्षांपूर्वीची. ओ मीच द्यायची. दुसऱ्या कुणीही नाही, ऐकलंत का, फक्त मी —