दुसऱ्या बाजूच्या शेवटी काका

लीड्स, ११ मार्च १९७४

ती. एनिड मावशीस, तुझ्या केसाळ भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकलो की केस डोळ्यांत जातात, पण नमस्कार मनापासून आहे.) गुडघा कसा आहे? विल्फ्रेड काका गेल्यापासून तू किटलीत एकाच कपाचा चहा टाकतेस, असं आई म्हणाली.

इकडे आमच्या बँडची नवी तबकडी अडलीय, आणि तीही काकांमुळेच! ऑक्टोबरात हलच्या सभागृहात तुम्ही दोघं पहिल्या रांगेत होतात ना, तोच कार्यक्रम तिच्यावर आहे. रचना एकच, एकेचाळीस मिनिटांची. (मध्ये उठून तबकडी उलटायची, तेवढाच व्यायाम.) शेवटी विश्व विरघळतं, म्हणजे आम्ही सगळे वाद्यांवरून हात उचलतो. त्या दिवशी माझ्या ऑर्गनचा सूर धुक्यासारखा छताकडे गेला आणि मग निखळ शांतता पसरली. हजार माणसं श्वास रोखून बसलेली. मी तर कुठल्याशा चांदण्या समुद्रावर तरंगत होतो. (उपाशीपोटी असं होतं.) तेवढ्यात काकांचा खणखणीत आवाज आला, "कोट घाल, एनिड!"

त्यांना वाटलं, संपलं. त्यांची तरी काय चूक? आमचं कधी संपतं ते आमच्या ड्रमवाल्यालाही कळत नाही.

कंपनीचे साहेब म्हणाले, "कापा तो म्हातारा! दुसऱ्या कार्यक्रमातली शांतता जोडा." माझं डोकंच फिरलं. शांतता काय, सगळीकडची सारखीच? मग तबकडी कोरणाऱ्या क्लाइव्हनं शक्कल काढली. शेवटच्या खाचेत सुई नुसती गोल फिरत राहते ना, तिथंच त्यानं काकांना बसवलं. अगदी एका फेऱ्यात मावले बघ! साहेबांनी तीसेक फेरे ऐकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या बाईंचं संमतीचं पत्र आणा. नाहीतर सोमवारी कापतो."

थोरांना नमस्कार, मांजराला गोंजारणं.

तुझा,
बेसिल

ता. क. तेव्हा मावशी, शुक्रवारच्या टपालानं 'हो' कळव. एवढ्यासाठीच गुडघ्यापासून सुरुवात केली.

ता. क. २. सोबत नमुन्याची तबकडी आहे. विश्व नाही ऐकलंस तरी चालेल, दुसरी बाजू शेवटाकडून लाव. तुझ्या जुन्या यंत्राची सुई आपोआप उठत नाही. तू उठून उचलेपर्यंत काका हाक मारत राहतील. उठायची घाई करू नकोस.