चमच्यांचा वर्ग

दादा,

खेळ ऐन रंगात आला की बाबा हाक मारायचे आणि आपण दोघं चरफडत घरात यायचो. आता तूच पाच वर्षांच्या पोरीला संध्याकाळच्या गणिताच्या क्लासला जुंपलंस. वर मलाच विचारतोस, "खेळून कुणाचं भलं झालंय?"

काल तुझी लेक माझ्या स्वयंपाकघरात चमचे ओळीने मांडून त्यांना पाढे विचारत होती. सगळ्यात छोट्या चमच्याला तिने भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"का गं, त्याचं चुकलं?"

"नाही आत्या, तो हसला."

"क्लासच्या बाईंनी तुलाही असंच उभं केलं होतं?"

तिने हळूच मान डोलावली. "बाबांना सांगू नकोस हं. ते म्हणतील, हसलीसच कशाला?"

अरे शहाण्या, मूल मनातलं बोलतं ते खेळताना! खेळच बंद केलास, तर तुला ऐकू येणार कुठून? व्यासपीठावर पालकांना घसा फोडून हेच सांगते मी, आणि घरात माझं कोण ऐकतंय!

तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टाकणार नाही. उद्या फोनवर कारण न सांगता एवढंच बजावीन: सोमवारपासून तिला त्या क्लासला पाठवू नकोस.

तुझ्यावर संतापलेली,
धाकटी