डोळस गोलकीपर

४ मे, सोमवार

आज भारताची गोलकीपर झाले. पात्रता एकच — मला दिसतं.

अंध मुलींचा फुटबॉल. मैदानात चौघी, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, चेंडूत खुळखुळा. फक्त गोलकीपर डोळस चालते. यांच्या गोलकीपरचं बोट मोडलं. लायब्ररीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने प्रशिक्षक हरीश सरांना सांगितलं की मी कराडला कॉलेजात हँडबॉलचे गोल अडवायचे. सर थेट दिल्लीत, मुनिरकातल्या माझ्या खोलीवर हजर. "बस दो हफ़्ते की बात है."

शेजारी देशांची पहिलीच स्पर्धा. नेपाळ, बांगलादेश आणि आपण. तारखा सोळा-सतरा मे. माझी यूपीएससीची पूर्वपरीक्षा चोवीसला, तिसरा प्रयत्न. मध्ये आख्खा आठवडा आहे. हो म्हटलं.

७ मे

गोलकीपरने हात कमी आणि तोंड जास्त चालवायचं असतं. आपल्या गोलपुढच्या मुलींना कुठे वळायचं ते मीच ओरडून सांगायचं.

कॅप्टन क्षिप्रा. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, घरी मराठी. म्हणाली, "हिंदीत ओरडू नकोस. नेपाळच्या मुलींना सगळं कळतं. बांगलादेशच्या पण सीरियल बघतात." शेजारी असण्याचा हा तोटा.

तर आता भारतीय संघाची भाषा मराठी. बाकीच्या तिघी बिहार, केरळ आणि पंजाबच्या. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, थांब — पाठ करून घेतलं. केरळच्या मुलीचा 'डावीकडे' सगळ्यांत शुद्ध. 'तिरकी' मात्र क्षिप्रालाच कळेना. "टेढ़ी," मी म्हटलं. "मग टेढ़ी बोल ना, यार."

११ मे

स्पर्धा आठवडाभर पुढे. प्रमुख पाहुण्यांना वेळ नाही. फायनल चोवीसला, सकाळी दहा वाजता. पेपर साडेनऊला.

हरीश सर म्हणाले, "पहले फ़ाइनल में पहुँचें तो सही." आम्ही पोचणार नाही यावर सगळ्यांचा विश्वास आहे. माझाही त्यावरच भरवसा.

१२ मे

दादांचा फोन. वडील एसटीत मेकॅनिक, डेपोतल्या सगळ्यांना माझ्या परीक्षेची तारीख पाठ. अभ्यास चालू आहे म्हटलं. फुटबॉलचं काही सांगितलं नाही.

२३ मे, शनिवार

गाझियाबाद. चेंडूचा आवाज ऐकू यावा म्हणून प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. हे लाउडस्पीकरवरून पाच वेळा सांगितलं. मग प्रमुख पाहुणे शेजारधर्मावर एकोणीस मिनिटं बोलले. आम्ही तिन्ही संघ उन्हात, पट्ट्या बांधून. नंतर आवाज नको म्हणून त्यांच्याजवळचा कूलर बंद केला, तेव्हा ते पाच मिनिटांत निघाले.

बांगलादेशला आम्ही १-० ने हरवलं. गोल क्षिप्राचा. मग नेपाळनेही त्यांना हरवलं. म्हणजे उद्या आम्ही आणि नेपाळ. याची तयारी कोणीच केली नव्हती.

संध्याकाळी क्षिप्राचा फोन. "तू पेपरला जा. दुसरी मिळेल कोणीतरी."

"कोण?"

"मिळेल ना."

खोटं बोलता येत नाही तिला. गोलकीपर नसेल तर संघ उतरूच शकत नाही. नियमांत आहे. मी सगळं वाचते, हीच पंचाईत.

हॉलतिकीट टेबलावर. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

२४ मे, रविवार

नऊला परीक्षा केंद्राचं दार बंद झालं असेल. मी तेव्हा बूट बांधत होते.

शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत ०-०. तीन चेंडू अडवले, एक तोंडाने. मग नेपाळची सात नंबर डावीकडून आली. क्षिप्रा माझ्यापुढे. मी ओरडले — "मागे, मागे!" तिने ऐकलं 'आगे'. आणि ती गेली पुढे. दोघी धाडकन आदळल्या, चेंडू माझ्या पायाजवळून हळूच आत. खुळखुळ वाजत.

क्षिप्राचा ओठ फाटला. पहिली धावली ती नेपाळची सात नंबर, हात चाचपडत. "लगी क्या?" स्वच्छ हिंदीत. आम्ही दोन आठवडे मराठी पाठ केली होती.

०-१. तीन टाके पडले. टॉवेलमधून क्षिप्रा म्हणाली, "मागे आणि आगे. कोणी बनवली ही भाषा?" मला हसू आलं, मग रडू. तिने हात पुढे केला, माझा खांदा सापडेपर्यंत.

संध्याकाळी दादांचा फोन. "पेपर कसा गेला?"

"अवघड होता."

"सगळ्यांनाच गेला असेल," म्हणाले.

१५ जून

निकाल. माझा नंबर नाही, असणार कुठून. दादांना खरं सांगायचं ठरवून फोन केला. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"त्या रविवारी डेपोच्या कँटीनमध्ये मोबाईलवर तुमची मॅच लागली होती. कोणीतरी म्हणालं, ही तुमची मयुरा ना? मी म्हटलं, छे. आमची आत्ता पेपर लिहितेय." पुढे म्हणाले, "एक अडवलास तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी हात टेबलाखाली नेऊन वाजवल्या."



मग त्यांनीच विचारलं, "त्या पोरीच्या ओठाला लागलेलं. बरी आहे ना ती?"