नकाराची कारणं आणि घोड्याची नाल

कसबा बावडा

चि. संयोगितास ज्ञानूकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडं सगळी बरी हायत. बेंगळुरात भाकरी मिळती का, का अजून इडलीवरच दिवस काढतीस? तब्येत जप.

आमच्या विश्वजितसाठी आठ स्थळं बघितली. सातांनी 'कळवतो' म्हणून तोंडच दाखवलं न्हाय. एक तेवढं लग्नाच्या याद्यांपर्यंत गेलतं, पण मुलगी परदेशी नोकरीला गेली. (तेव्हा माझी दाढ सुजलेली, मी गेलो नव्हतो.) नकाराला कारणं काय थोडी हायत? जमीन कमी, नोकरी कंत्राटी, पत्रिकेत मंगळ, गोठ्याचा वास, कपाळ मोठं. तुझ्या काकीनं एका बैठकीत साठ सांगितली. मग तू गणपतीत तुझ्या संख्याशास्त्रातलं सांगितलेलं आठवलं. कारणं ढीगभर आणि दाखले मूठभर असले, की आधी सगळी कारणं शून्याशेजारी बसवायची. सगळ्यांना मिळून एक लगाम घट्ट, पण प्रत्येकाला आपापली ढील वेगळी, आणि ती किती सोडायची हेही दाखल्यांनीच ठरवायचं. फुटकळ कारण गप बसतंय, खरं असंल ते हिसडा मारून बाहेर येतंय. ह्या रीतीला घोड्याची नाल म्हणतात म्हणालीस. (मी त्याच दिवशी एक आणून चौकटीवर ठोकली. समजूत चुकीची होती, पण खिळा आता निघंना.) मला लई नवल वाटलं, साठांतनं एक नेमकं सापडतंय कसं!

विश्वजितनं साठ कारणं आणि आठ स्थळं भरून तू पाठवलेला प्रोग्रॅम चालवला, मी खुर्ची ओढून बसलो. जमीन शून्यावर गेली. मंगळ गेला, गोठा गेला, कपाळ गेलं. शेवटी एकच उभं राहिलं: 'वडील सोबत आले.'

आता मी काय वाईट बोलतो? जयसिंगपुरात मुलीच्या बापाला तासभर एवढंच समजावलं, की तुमच्या पायरीचा उतार घराकडं हाय, पाणी आत येणार. चहा गार झाला, पण उतार चुकलाय तो चुकलायच की. काकी म्हणाली, हे तिला प्रोग्रॅमशिवायच ठाऊक होतं. विश्वजितनं मात्र लॅपटॉप मिटला. ते मला लागलं. पोरगं पस्तिशीला टेकलंय, माझ्या जिवाला घोर हाय.

तुझा,
ज्ञानूकाका

ता.क. रविवारी पेठ वडगावला स्थळ बघायला जायचंय आणि मला घरी ठेवणार हायत. तू काकीला फोन करून सांग, की आठ दाखल्यांवरनं माणूस दोषी ठरत न्हाय. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी ता.क. पत्र टाकायचं राहिलं, रविवार होऊन गेला. मी घरीच थांबलो. माझ्यापायी पोराचं अडायला नको. विश्वजित त्यांना पसंत पडला. काकीला फोन करू नकोस.

शेवटचा ता.क. मुलीच्या वडिलांचा आत्ताच निरोप आला: "मुलाचे वडील का आले न्हाईत? त्यांच्याशी मनमोकळं बोलल्याशिवाय आम्ही हो म्हणणार न्हाय." पुढच्या बेस्तरवारी ते आपल्याकडं येणार हायत. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघतंय. मला फोन कर.