शिशाच्या पट्टीवरची दोन तोंडं

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं गंजलेलं शिसं वाचवून निवृत्त झालेली, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. वकिलांनी हे माझ्या धाकट्या भावासमोर मोठ्याने वाचावं.

१. राहतं घर आणि ठेवी भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला.

२. ब्रश, भिंगं आणि विजेची टाकी माझ्या जागी आलेल्या मुलीला. तिने हातमोज्यांचा कंटाळा करू नये.

३. माजी संचालकांना व्हिनेगरची अर्धी बाटली. तसलीच वाफ लाकडातून सुटते आणि शिशाची पांढरी भुकटी करते, हे त्यांना सांगून मी थकले. तरी देखणी म्हणून त्यांनी माझ्या सुतार भावाकडून लाकडी कपाटं करून घेतली. माझ्या अहवालामुळे ती बाहेर गेली. भाऊ हसून म्हणाला, "ताई, तुझ्या शिशाचे नखरेच फार." आमचा अबोला त्यावरून, असं लोक समजतात. ते खोटं आहे.

४. घरामागची विहीर उपसताना आम्हाला शिशाची घडी घातलेली पट्टी सापडली, पूर्वी कुणी करणी करून टाकत तशी. मी ती उलगडली. आत पाठीला पाठ लावलेली दोन माणसं, गंजाने पुसट झालेली. "डावा मी, उजवी तू. नाक बघ की," भाऊ म्हणाला. मी पट्टीला बारीक वीजप्रवाह लावला. त्याने गंजाचं पुन्हा शिसं होतं आणि कोरलेलं उमटतं. तिसऱ्या दिवशी दोघांच्या तोंडांवर मारलेली एकेक रेघ वर आली. मी आनंदाने भावाला फोन केला. त्याने उचलला. माझा आवाज फुटेना. पलीकडेही नुसता श्वास.

याला एकवीस वर्षं झाली. इतरांशी दोघंही घडाघडा बोलतो. एकमेकांसमोर तोंड उघडतं, आवाज येत नाही. गळ्यात काही दोष नाही. चिठ्ठ्या लिहितो, पण चिठ्ठीत 'ताई' ऐकू येत नाही. मला ते मरण्याआधी एकदा ऐकायचं होतं.

५. भावाने केलेली लाकडी पेटी परत त्यालाच. जन्मभर जे करू नका म्हणून ओरडले, तेच मी केलं आहे. सहा महिने पट्टी त्या पेटीत बंद आहे. उघडताना फुंकर मारू नये, भुकटी विषारी असते.

सही
साक्षीदार : शेजारच्या डॉक्टरीणबाई, संग्रहालयाचा जुना पहारेकरी
स्थळ : मागची खोली
दिनांक : अकरा मार्च

ता.क. साक्षीदारांसमोर आत्ताच पेटी उघडली. डाव्या तोंडावरची रेघ अर्धी भुरभुरली आहे. उरलेलीला सहा महिने लागतील, डॉक्टरीणबाई मला दोन देतात. उजवी रेघ जशीच्या तशी आहे.

बाळ्या, तुझी रेघ गेली की पेटीशी बसून एकदा हाक मार. उत्तराची वाट बघू नकोस.